प्रभूच्या मेजावरचं प्रोटीन

प्रोटीन म्हटलं की आमच्या गावात दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात: जिमला जाणाऱ्या पोरांचा डबा आणि डॉक्टरनं खायला सांगितलेली उकडलेली अंडी. त्यामुळे मी पुण्यात प्रोटीनवर पीएच.डी. करते हे कळल्यावर आई कित्येक वर्षं लोकांना सांगत होती, "आमची पोरगी अंड्यातलं शिकती." मीही ते दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. माझा स्वभाव मुळात चिडका, पण ती चीड मी पुण्यातल्या मार्गदर्शक सरांसाठी राखून ठेवली होती.

प्रबंध लिहायला म्हणून गेल्या वर्षी मी पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी येऊन राहिले. गावाकडे शांतता असते, असा एक गैरसमज पुण्यात राहून होतो. आमचं घर चर्चला लागून. सकाळी घंटा, दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो, संध्याकाळी गायनमंडळाचा सराव, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात पप्पा. पप्पा गणिताचे निवृत्त शिक्षक. शाळा सुटली पण फळा सुटला नाही. मी लॅपटॉप उघडला की ते मागे येऊन उभे राहायचे आणि "पायऱ्या दाखव" म्हणायचे.

माझं काम तसं सांगायला सोपं आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. पण ती माळेसारखी सरळ कधीच राहत नाही. गुंडाळून, दुमडून तिचा गोळा होतो आणि त्या गोळ्यात या टोकाचा मणी भलत्याच टोकाच्या मण्याला जाऊन भिडतो. कोण कुणाच्या जवळ आलंय ते मोजायचं. ठरावीक अंतराच्या आत असले की त्यांचा संपर्क आहे असं धरायचं आणि त्याचा चौकटींचा नकाशा काढायचा. आडव्या बाजूला मण्यांचे क्रमांक, उभ्या बाजूला तेच क्रमांक, आणि संपर्क असेल तिथली चौकट भरलेली. मधून एक तिरकी रेघ जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना नक्षी अगदी सारखी येते, कारण मी तुझ्याजवळ असेन तर तूही माझ्याजवळ असणारच. आमच्या नात्यागोत्यात हा नियम चालत नाही, पण अमिनो आम्लांत चालतो.

असा एक नकाशा मी पारनेरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. दोन दिवसांनी तो गायब झाला. मी पप्पांवर संशय घेतला आणि विषय सोडून दिला.

आता आईबद्दल सांगायला हवं. मिशनच्या बोर्डिंगमध्ये लहानपणी तिला दुसुतीवरचं भरतकाम शिकवलं, ते तिच्या हाताला कायमचं लागलं. चौकटी मोजायच्या आणि फुल्याफुल्यांचे टाके घालायचे. दरवर्षी कापणीच्या सणाला लोक चर्चमध्ये बाजरीची कणसं, वालाच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या, मेजावर नवं कापड अंथरायचं, आणि ते आईनंच भरलेलं असायचं. पण आदल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि कापड राहिलं. पंच कमिटीतल्या एका काकांनी सुरतेहून मशीनवर भरलेलं, लखलखणारं कापड आणलं. ते इतकं टिकाऊ निघालं की यापुढे तेच ठेवावं, असं कमिटीत चाललं होतं.

आईला हे फार लागलं. "माझं डोळं गेलं असं समजत्यात का काय ही मानसं?" ती म्हणायची. शेवटी तिनं कमिटीकडून एक संधी मागून घेतली. या सणापर्यंत कापड तयार झालं आणि पसंत पडलं तर ठीक, नाहीतर कायमचं सुरतेचं.

द्राक्षं, गहू, कोकरू, कबुतर सगळं भरून झालेलं. तिला नवा नमुना हवा होता. आणि टेबलावर काय पडलेलं? चौकटी, त्यातल्या काही भरलेल्या.

मला हे कळलं तेव्हा निम्म्याच्या आसपास काम झालं होतं. मी दिवसभर तिच्याकडे पाठ करूनच बसत असल्यामुळे मला पत्ताच नव्हता.

"आई, हे काय करतेस?"

"तुझं डिजाईन. टाकून दिल्तंस न्हवं?"

"टाकलं नव्हतं, टेबलावर ठेवलं होतं!"

"तेच की ते."

मी तासभर धुमसले. मग कापडाजवळ जाऊन बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. तिनं एक चौकट चुकवली नव्हती. माझं काम इतकं लक्ष देऊन आजवर कुणीच बघितलं नव्हतं, सरांनी तर नाहीच.

त्या आठवड्यात सुरतवाले काका पाहणीला आले. चहा घेतला, चष्मा पुसला, कापड पाहिलं. "वहिनी, काम सुरेख हाय. पन क्रूस कुठंय? क्रूस न्हाई तर मेजावर कसं घालायचं?" ते गेल्यावर आईनं सुई डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. आमच्या घरात हे झाकण म्हणजे मोठी घटना असते.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. सर फोनवर आधी खोकतात, मग अपमान करतात. "नकाशा पाहिला. तुझ्या प्रोटीनमधले सात मणी रचनेत दिसत नाहीत, माहीत आहे ना? मग त्यांची जागा कुठाय?"

ते सात मणी असतात जागेवरच, पण इतके वळवळत असतात की क्ष-किरणांच्या चित्रात त्यांचा ठसा उमटत नाही. माझ्या प्रोग्रामनं ते नाहीतच असं धरलं आणि पुढच्या सगळ्यांना सरकवून घेतलं. चर्चच्या बाकावर जागा रिकामी दिसली की लोक सरकतात, तसं. पुढचे सगळे क्रमांक चुकले होते.

"तिथं कोरी पट्टी पाहिजे," सर म्हणाले, "उभी एक आणि आडवी एक."

"उभी आणि आडवी," मी म्हटलं, आणि मला हसूच फुटलं. सरांनी बहुतेक मला वेड लागलं असं समजून फोन ठेवला.

दुरुस्त नकाशा पडद्यावर आला आणि मी आईला हाका मारत सुटले. नक्षीतून एक कोरी उभी पट्टी खाली उतरली होती, एक कोरी आडवी पट्टी तिला छेदून गेली होती. चांगला रुंद, ठसठशीत क्रूस. फक्त डावीकडे वरच्या बाजूला सरकलेला.

आईनं पडद्यावरच्या कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं. "म्हंजे आदीचं चुकीचं हुतं?"

"होय. पण तू कशाला उसवतेस? कोण मोजणार आहे तिथं? वरून सोनेरी दोऱ्यानं एक क्रूस भर, झालं."

"चुकीचं हाय म्हनतीस, आन् प्रभूच्या मेजावर ठिवायचं म्हनतीस? तुला लाज कशी न्हाई वाटत गं?"

सरांच्या इतक्या वर्षांच्या बोलण्याचा झाला नव्हता तेवढा परिणाम या एका वाक्याचा झाला. मी गपगुमान कात्री आणली.

आईनं काम वरून खाली आणलं होतं. कोऱ्या पट्टीच्या खालचं सगळं उसवायचं होतं आणि वरच्या ओळींतलेही पट्टीच्या उजवीकडचे टाके. उसवणं माझ्याकडे आलं, कारण त्याला अक्कल लागत नाही असं आईचं मत पडलं. पुन्हा भरताना मी लॅपटॉपवरून क्रमांक वाचायचे, पप्पा पेन्सिलीनं खूण करायचे आणि आई टाका घालायची. "बत्तीस, एकशे चार!" मी ओरडायचे. "एकशे चार, बत्तीस!" पप्पा उलटं ओरडायचे, कारण दोन्ही अंगं सारखी आलीच पाहिजेत. दारं-खिडक्या उघड्याच. दुपारी शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या आणि भयंकर नाराज होऊन म्हणाल्या, "हाऊसी खेळताय व्हय? आन् आमाला तिकीटबी न्हाई!"

सणाच्या आदल्या दिवशी शेवटचा टाका पडला. आईचे डोळे लाल झाले होते, माझी बोटं सुईनं भोसकलेली होती, आणि प्रबंधाचं एक पानही पुढे सरकलं नव्हतं.

संध्याकाळी कमिटी जमली. सुरतवाले काका कापडाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "क्रूस हाय, पन मधोमध न्हाई. एका बाजूला गेलाय."

आईचा चेहरा पडला. मी तोंड उघडणार, म्हणजे अमिनो आम्लांवर व्याख्यानच देणार होते, तेवढ्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "काका, खरा क्रूस तरी कुठं मधोमध होता? तोही शहराच्या वेशीबाहेरच होता." काकांनी पुन्हा चष्मा पुसला. सुरतेचं कापड घडी होऊन कपाटात गेलं.

रविवारी उपासनेच्या आधी बायकांनी मेजाला गराडा घातला. बाहेर लिलावाच्या कोंबड्या ओरडत होत्या. आई नवी साडी नेसून मेजाशेजारी उभी होती, जणू कापडाला कुणी हात लावला तर तिथंच धरणार. मी तिच्या मागे.

"कसलं डिजाईन हाय हे?" एकीनं विचारलं.

"डिजाईन न्हाई. प्रोटीन हाय."

"अंड्यातलं?"

"अंड्यातलं न्हाई गं," आई म्हणाली. मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होते ते हे वाक्य. "माझ्या पोरीचं हाय."

"आन् हे मदलं भरायचं ऱ्हायलंय का?"

"ऱ्हायलं न्हाई. तितं सात जन हायेत. एका जागी बसत न्हाईत, म्हनून दिसत न्हाईत. पन हायेत. त्यांची जागा सोडायला लागती."

शेजारच्या काकूंना हाऊसीचा राग अजून होताच. "तुमच्या पर्सवानी म्हना की," त्या म्हणाल्या. "दर रविवारी आमी मागं उभं ऱ्हायचं, आन् हिची पर्स बाकावर बसनार! सरक म्हनलं तर सरकत न्हाई. म्हने, पोरगी यायचीय."

मला काही कळेना. मी आईकडे पाहिलं. ती मेजावरच्या कापडाची एक न पडलेली सुरकुती सरळ करत होती. पुण्याला गेल्यापासून मी रविवारच्या उपासनेला घरी आले असेन ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कधी प्रयोग, कधी प्रवास, कधी नुसता कंटाळा, आणि घरी राहायला आल्यापासून प्रबंधाचं निमित्त. मला भयंकर रडू येत होतं, आणि चर्चमध्ये उपासनेआधी रडलं तर लोक भलतंच काही समजतात, म्हणून मी ओठ चावून उभी राहिले.

घंटा झाली. बायका आपापल्या जागी गेल्या. चर्च गच्च भरलं होतं, मागे लोक भिंतीला टेकून उभे होते, आणि बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर, आईच्या जागेशेजारी, तिची काळी पर्स ऐसपैस बसलेली होती.

आईनं ती उचलून मांडीवर घेतली. मी बसले आणि उपासना संपेपर्यंत जागची हलले नाही.