किरणमहालातली शेजारची खुर्ची

चिमणाबाई चौगलेनं एकदा मनावर घेतलं की गावात कुणी तिच्या आडवं जात नसे. राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण गावकरी म्हणत, चिमणाबाई समोर जाऊन उभी राहिली तर ते पाणी न चढताच उघडतील. एकदा कंडक्टर कोंबड्यांची बुट्टी एसटीत घेऊ देईना, तर ही बुट्टीसकट गाडीच्या पुढ्यात रस्त्यावर बसली. शेवटी कोंबड्या गाडीतून गेल्या, आणि त्याही खिडकीशेजारी बसून. पन्नाशी उलटल्यावर तिनं लुना शिकायला घेतली. पहिल्यांदा उकिरड्यात पडली, मग थेट शेजाऱ्याच्या उसात घुसली. शेजारी शिव्या द्यायला आला तर त्यालाच मागून लुना ढकलायला लावली. त्या आठवड्यातच बाई दुधाच्या किटल्या लुनाला अडकवून डेअरीत हजर.

अशा बाईला आयुष्यात एक गोष्ट मात्र साधली नव्हती. नवऱ्याच्या शेजारी बसून सिनेमा बघणं. हसायचं असेल तर हसा. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. लग्न होऊन वर्ष सरलं तेव्हा सासू धोंडुबाई, नवरा ज्ञानू आणि ती असे तिघं अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला आले. दर्शन झालं आणि ज्ञानूनं सिनेमाचं टुमणं लावलं. आईचा लाडका लेक तो, आई विरघळली. तिघं किरणमहाल टॉकीजसमोर येऊन उभे राहिले. आजऱ्याकडच्या खेड्यातून आलेल्या त्या पोरीनं असली इमारत जन्मात बघितली नव्हती. कोपऱ्याला कोपराच नाही, सगळा पुढचा भाग गोल. भिंतींवर आडव्या रेघा, बोटीला असतात तसल्या वाटोळ्या खिडक्या, वर उंच मनोरा आणि त्यावर एकाखाली एक अक्षर मांडून लिहिलेलं नाव. दारावर सिमेंटमध्ये काढलेला अर्धा सूर्य, त्याचे किरण पार छतापर्यंत पसरलेले. तिला वाटलं, आता इथं आत जाऊन नवऱ्याशेजारी बसायचं. अंगावर काटाच आला तिच्या.

दारातच नवरा एकीकडे आणि ती दुसरीकडे झाली. बायकांची जागा वर बाल्कनीच्या कोपऱ्यात, लाकडी आडोशामागं. पुरुष खाली. मध्यंतरात ज्ञानूनं भाजलेल्या शेंगा वर पाठवल्या, त्याही आईच्या नावानं. घरी जाताना तो आईशेजारी चालत तिला सगळा सिनेमा पुन्हा सांगत होता, आणि बायको मागून ऐकत होती. पुढं पोरं झाली, म्हशी झाल्या, घरात टीव्ही आला. टीव्हीसमोर कॉटवर ज्ञानू, आणि चिमणाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, लसूण सोलत. सासू जाऊन जमाना लोटला, तरी ती आपली उंबऱ्यावरच. सवय ही असली चिवट असते.

मागच्या थंडीत सून स्वप्नालीनं मोबाइलवर आलेली बातमी वाचून दाखवली. किरणमहाल कित्येक वर्षं बंद पडलं होतं. आता आतलं सगळं काढून तिथं दुकानं होणार होती. बाहेरचा देखणा भाग तेवढा राहणार होता. त्याआधी एका रविवारी ते लोकांना बघायला उघडणार होते आणि दुपारी एक जुना सिनेमा लावणार होते. तो झाला की खुर्च्या उपटणार.

चिमणाबाई भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, हात पुसले आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "रविवारी आपुन दोघं जायाचं."

ज्ञानूनं पहिली सबब काढली. "म्हस व्यायाला झालीया."

"म्हस व्यायाची हाय, तुमी न्हवं. स्वप्नाली हाय की घरात."

"माझा गुडघा..."

"गेल्या म्हयन्यात कुस्त्यांच्या मैदानाला गेलता, तवा कुठं ठेवलता गुडघा?"

"अगं, सिनेमा टीव्हीवर दिसतोय की."

"टीव्हीवर देव बी दिसतोय. मग डोंगर चढून जोतिबाला कशाला जाताय?"

ज्ञानू म्हशीला वैरण टाकायला उठला. तसा तो वाईट माणूस नव्हता. उभ्या आयुष्यात त्यानं बायकोवर हात उगारला नाही, तिच्या दुखण्यात रात्री जागवल्या. पण चार माणसांत बायकोशेजारी बसायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, देवळात, सगळीकडं तो तिच्यापासून दोन हात लांब. तरणेपणी तालमीत घुमलेला गडी. तालमीतली पोरं काय म्हणतील ही भीती त्याच्या मनात एकदा बसली ती बसलीच. ती पोरं आता काठ्या टेकत होती, तरी भीती जागची हलली नव्हती.

रविवारी चिमणाबाईनं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं. ज्ञानूनं पटका बांधला, काठी घेतली. एसटीनं दोघं रंकाळा स्टँडला उतरले आणि रिक्षानं किरणमहालासमोर आले. रंग उडाला होता, मनोऱ्यावर पिंपळ उगवला होता, पण सूर्याचे किरण जसेच्या तसे होते. दारात मधुवंती नावाची एक बाई आलेल्यांना इमारत दाखवत होती. इमारती बांधणं आणि जुन्या इमारती जपणं हे तिचं काम.

"या पद्धतीला आर्ट डेको म्हणतात," ती सांगत होती. "ही परदेशातून मुंबईत आली आणि मुंबईतून आपल्याकडं. पण मुंबईच्या थिएटरांत भिंतीवर नर्तकी असतात. आपल्या गवंड्यांनी बघा काय केलंय."

सगळ्यांनी माना वर केल्या. सूर्याच्या खाली सिमेंटचे दोन पैलवान एकमेकांना भिडले होते. लोक खदखदून हसले. ज्ञानूची कळी तर अशी खुलली की विचारू नका. आणि नेमकी तिथंच, पैलवानांच्या खाली, त्याच्या पाठीत थाप पडली.

"आयला, ज्ञानू! जित्ता हाईस व्हय लेका?"

तालमीतला जुना जोडीदार गुंडू. मिठ्या मारून झाल्या, कोण गेलं, कोण राहिलं याची विचारपूस झाली. चिमणाबाई बाजूला उभी. जरा वेळानं ज्ञानू मान वळवून तिला म्हणाला, "तू हो म्होरं वर. बायका वरच बसत्यात. मी आलोच." आणि गुंडूच्या खांद्यावर हात टाकून तो खालच्या दारानं आत गेला.

'आलोच' म्हणणारा माणूस येत नसतो, हे चिमणाबाईला का कळत नव्हतं? पण तिनं आणखी एक संधी दिली. पितळी कठडा धरून ती तो वळणदार जिना चढली. प्रत्येक पायरीला गुडघे कुरकुरत होते. वर आल्यावर तिनं मधुवंतीलाच गाठलं.

"बाई, बायकांचं बसायचं येगळं हाय का अजून?"

"नाही हो आजी. तो आडोसा केव्हाच काढलाय. कुणीही कुठंही बसा."

"मग झालं," असं म्हणून चिमणाबाई बाल्कनीच्या पहिल्या रांगेत, बरोब्बर मधोमध जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर तिनं आपली पिशवी ठेवली.

थिएटर भरायला लागलं. एक जोडपं आलं. "आजी, इथं कुणी आहे का?"

"हाईत."

मग एक चष्मेवाले गुरुजी आले. "ही जागा मोकळी आहे?"

"न्हाय. मानूस येनार हाय."

येणाऱ्याचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी तिनं कठड्यावरून वाकून खाली बघितलं. खाली सगळे म्हातारेच म्हातारे भरले होते, आणि त्यांच्यात ज्ञानू गुंडूला खेटून, पाय लांब करून, घरच्या कॉटवर बसावं तसा निवांत बसला होता. एकदाही त्यानं वर बघितलं नाही. चिमणाबाईला राग आला. रागाच्या खालून रडूही आलं, पण ते तिनं गिळलं. खाली जाऊन त्याच्याजवळ बसता आलं असतं. गुंडू सरकला असता. पण आजवर तीच त्याच्या मागनं चालत आली होती. आज यायचं तर त्यानं, असं तिनं ठरवलं.

ती उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "आवो!"

कलकलाटात कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं म्हशीला साद घालावी तसा आवाज चढवला. "आवोऽऽ!"

खालच्या म्हाताऱ्यांनी एकजात माना वर केल्या. जिल्ह्यातला प्रत्येक नवरा 'आवो'च असतो. जो तो आपलंच काही चुकलं असणार असं धरून बावरून वर बघायला लागला. एकट्या ज्ञानूनं मान वर केली नाही. त्यानं आवाज ओळखला होता आणि पटका खांद्यांत घालून तो खाली सरकला होता.

"अमरसिंहाचं बाबा!" तिनं लेकाचं नाव घालून बघितलं. पटका आणखी खाली गेला.

आता तिच्याकडं एकच हाक उरली होती, आणि ती तिनं कधी मारली नव्हती. तिच्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, तेही लग्नकार्यात, लाजत आणि यमक जुळवून. रेशनकार्डाच्या वेळीसुद्धा तिनं नवऱ्याचं नाव शेजारणीकडून वदवून घेतलं होतं. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं धोंडुबाईनं सांगून ठेवलं होतं. चिमणाबाईनं खालच्या पटक्याकडं बघितलं. ऐंशीच्या घरातला गडी, आता अजून किती कमी व्हायचं राहिलंय, असं मनाशी म्हणून तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला.

"ज्ञानदेव यशवंत चौगलेऽऽ! वर या!"

किरणमहालाचं छतच असं बांधलेलं की पडद्यावरचा कुजबुजता शब्दही शेवटच्या रांगेला पोचावा. ही तर डोंगराला ऐकू जाणारी हाक. सगळं थिएटर चिडीचूप झालं. मग खालून गुंडूचा आवाज आला, "ऊठ लेका! आता काय सुटका न्हाय." आणि जी शिट्टी पडली, त्या एकीच्या दोन, दोनांच्या पन्नास झाल्या. कोल्हापूरचं पब्लिक ते, असला डाव बघून गप्प बसेल होय?

ज्ञानू उठला. सिनेमा लावणाराही थांबून राहिला. जिन्यावर काठीचा आवाज वर वर येत होता, आणि चिमणाबाई सरळ पडद्याकडं बघत उभी होती. तो आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं.

"इज्जत घालवलीस माझी," तो पुटपुटला.

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा."

तो बसला. आधी अगदी कडेला, पळून जायची वाट राखून. अंधार झाला, पडदा उजळला, नावं सरकायला लागली. चिमणाबाईनं खुर्चीच्या हातावर हात ठेवला होता. थोड्या वेळानं तिच्या हाताला लागूनच त्याचं कोपर टेकलं आणि तिथंच राहिलं. तिला आता सगळं मिळालं होतं. तिनं सुखानं पाय सोडले.

पहिलं गाणं संपत आलं तेव्हा ज्ञानू तिच्याकडं न बघता म्हणाला, "पुन्यांदा घे की."

"काय?"

"नाव."

चिमणाबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "सिनेमा सुटल्यावर," ती म्हणाली. "आता गप बघा."

पुढचा सगळा सिनेमा ज्ञानूच्या डोळ्यांपुढून गेला, पण काय चाललंय ते त्याला काही कळलं नाही. तो सुटायची वाट बघत होता.