चुन्याने खाल्लेलं आकाश

माझ्या कपाटात याद्यांच्या एकोणीस वह्या आहेत. किराणा, पाहुणे, औषधं, लग्नाची बोलावणी, विहाराचं सामान, सगळं तारखेवार. ही एक गोष्ट त्यातल्या एकाही वहीत नाही. नवऱ्याला सांगितलेली नाही, बहिणीला नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती, त्यांना तर नाहीच.

क्रमाने सांगायची मला सवय आहे. पण ही सांगायला लागले की दरवेळी मी मधेच कुठेतरी अडते. भिंतीबद्दल बोलते, चुन्याबद्दल बोलते, आणि त्या संध्याकाळपाशी आले की उठून गॅसवर चहा ठेवते. आज चहा आधीच घेतला आहे.

मी त्रेपन्न वर्षांची. एका सरकारी कचेरीच्या भांडार विभागात नोकरी करते. वडील नांदेडकडून इथे, या उर्दू-तेलुगू बोलणाऱ्या शहरात आले. मी तारनाक्यातच वाढले. वेळेत काम करणारी बाई अशी माझी ख्याती आहे, आणि खरं सांगू? ती मला फार आवडते. 'सुनीताताईंकडे दिलं म्हणजे झालं' — हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी कितीतरी कामं अंगावर ओढून घेतली आहेत.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहाराचं सभागृह नव्याने बांधलं. समोरच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं. पिंपळाचं झाड, त्याखालून चाललेली भिक्खूंची रांग आणि वर आकाश, भरपूर आकाश. निळा रंग आमच्या लोकांना काय आहे, हे तुम्हाला सांगायला नको. काम उस्मानभाईंना द्यावं असं समितीत मीच सुचवलं.

उस्मानभाई दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एके काळी हिमायतनगरच्या निम्म्या दुकानांवर त्यांची अक्षरं होती. मग फ्लेक्स आला. त्यांचा मुलगा जावेद यानेच फ्लेक्सचं दुकान टाकलं. बापाला चिडवायचा, "अब्बा, तुम एक महिने में जित्ता आसमान रंगाते, मेरी मशीन दस मिनट में फेंक देती." उस्मानभाई हसायचे. पण तरुणपणी ते एका उस्तादाच्या हाताखाली जुन्या देवड्यांमध्ये, म्हणजे नवाबी वाड्यांमध्ये, ओल्या चुन्यावरचं काम शिकले होते. नंतर चाळीस वर्षांत ते काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमची भिंत बघायला आले तेव्हा त्यांनी तळहात तिच्यावर टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला म्हणाले, "जिंदगी भर दूसरों के नामां लिखा मॅडम. ये एक काम मेरा."

हे वाक्य मला पाठ आहे.

ओल्या चुन्यावरचं काम म्हणजे काय, ते थोडं सांगावं लागेल. चुना आधी कित्येक महिने पाण्यात मुरवायचा. आज जेवढं रंगवायचं, भिंतीच्या तेवढ्याच तुकड्यावर गिलावा करायचा. तो ओला असतानाच रंग लावायचा. रंगात डिंक नाही, तेल नाही, फक्त पाणी. चुना सुकताना रंगाला आपल्यात ओढून घेतो, मग तो धुतला तरी जात नाही. पण ओला गिलावा थांबत नाही. तुम्ही तयार असा नसा, तो सुकतोच. आणि चुना प्रत्येक रंग सोसत नाही. गेरू सोसतो, पिवळी माती सोसतो, काजळी सोसतो. निळ्याचं तसं नाही. अल्ट्रामरीन चालतो. प्रशियन ब्लू चालत नाही. "उसकू चुना खा डालता," उस्मानभाई म्हणाले होते.

म्हणाले होते. सामानाची यादी सांगताना, माझ्यासमोर बसून. मी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली होती. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आकाशाचे सात तुकडे व्हायचे होते. पहिले दोन झाले आणि निळा संपत आला. मी कचेरीतून थेट कोठीच्या बाजारात गेले. ज्या दुकानात पहिल्यांदा घेतला होता तिथे अल्ट्रामरीन नव्हता. चार दिवसांनी येणार होता. प्रशियनची भुकटी होती. दुकानदार म्हातारा, डब्याचं झाकण उघडून म्हणाला, "ये बी नीलाइच है अम्मा. लेके जाओ."

दुसऱ्या दुकानांत विचारता आलं असतं. उस्मानभाईंना फोन करता आला असता. काम चार दिवस थांबलं असतं तर काय होणार होतं? उद्घाटन पुढे गेलं असतं, एवढंच. पण आदल्याच बैठकीत मी सगळ्यांसमोर बोलले होते — "माझ्याकडे सामान असताना काम एक दिवसही थांबणार नाही." त्या दुकानात उभी राहून मी काय विचार केला, माहीत आहे? की कलाकार लोकांचे नखरे असतात. की निळा तो निळा. आणि मी प्रशियन घेतला.

इथपर्यंत झाली ती चूक. चुकीसाठी मी सहा वर्षं गप्प बसले नसते, असं मला वाटतं. खात्री नाही.

विहारात आले तेव्हा सभागृहात कुणी नव्हतं. रंगांच्या बरण्या खिडकीखाली ओळीने ठेवलेल्या असत, लोणच्याच्या जुन्या बरण्या, प्रत्येकीवर मी माझ्या हाताने लेबल लावलेलं. अल्ट्रामरीनची बरणी रिकामी झाली होती. मी तिच्यात प्रशियन ओतला. लेबल तसंच राहू दिलं. पुडीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वहीत लिहिलं — अल्ट्रामरीन, अर्धा किलो, आणला. पुढे बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच तिथे गेले. उस्मानभाईंनी रंग कालवला, वाटी उजेडात धरली, पुन्हा बघितलं. मला हाक मारली.

"रजिस्टर मॅडम, ये वोइच है ना? जरा हरा मारता दिखरा मेरे कू."

ते मला चिडवून रजिस्टर मॅडम म्हणत. मी वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं, वाचून दाखवलं. कंपनी बदलली असेल, असंही वर मीच म्हणाले.

"फिर तो बराबर है. मेरी आँखां झूट बोलेंगे, तुमारी वही नई बोलती."

आणि ते शिडीवर चढले.

त्यांनी विचारलं होतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते — त्यांना दिसलं होतं, त्यांनी थांबून विचारलं होतं. गिलावा ओला होता. मी 'नाही' म्हटलं असतं तर फक्त तो एक तुकडा खरवडावा लागला असता. एका सकाळचं काम.

तुकडा रंगवून झाला तेव्हा सुंदर दिसत होता. पहिल्या दोन्हींपेक्षा गडद. मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी कडेने फिका पडला. चुना सुकताना रंग उतरतो, असं ते म्हणाले आणि पुढचा तुकडा घेतला, मग त्याच्या पुढचा. आठवड्याभरात आकाश तांबूस व्हायला लागलं. गंजल्यासारखं. पहिले दोन तुकडे स्वच्छ निळे, आणि त्यांच्या शेजारी — जुन्या पत्र्यावर पाणी साचून डाग पडावेत तसं.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी आमचे अध्यक्ष भाऊसाहेब भिंत बघायला आले. चारचौघे होते. भाऊसाहेब खाली उभे, उस्मानभाई शिडीवर. "काय हो उस्मानभाई, आभाळ काढायला सांगितलं होतं का चहा सांडायला?" सगळे हसले. मीही हसले. हे लिहायलाच हवं.

उस्मानभाई खाली उतरले. त्यांनी चुन्याचं पिंप बघितलं, वाळू चोळून बघितली, पाणी चाखलं. पुन्हा मला वही वाचायला लावली. मी वाचली. आवाज नेहमीसारखाच होता माझा. मग ते खिडकीखाली बरण्यांपाशी बसले. निळ्याच्या शेजारी गेरूची बरणी होती. ते एकदा या बरणीकडे बघायचे, एकदा त्या. मी बघत होते, आणि मला कळत होतं की ते कुठे चालले आहेत. मी त्यांना जाऊ दिलं.

शेवटी म्हणाले, "मैंइच मिलाया हूँगा. गेरू का हात नीले में डाल दिया हूँगा. याद नई आरा."

मला काय वाटलं, विचारता? सुटका. आधी सुटका वाटली. बाकीचं सगळं नंतर.

त्याच दिवशी भिंतीला पांढरा डिस्टेंपर मारायचं ठरलं. पिंपळ गेला, भिक्खू गेले, दोन चांगले तुकडे होते तेही गेले. उस्मानभाईंनी त्या दिवशी ब्रश धुतले, कापडात गुंडाळले आणि घरी नेले. पुन्हा कुठल्या भिंतीला, पाटीला त्यांनी हात लावला नाही.

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण मी कामसू बाई. पुढच्याच आठवड्यात मी कोठीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि उस्मानभाईंना स्वतः घेऊन गेले. त्यांच्या घरचे माझे आभार मानत होते. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. उस्मानभाईंनी प्रत्येक पानावरचा आकडा न अडखळता वाचला. मोतीबिंदूची किंचित सुरुवात, बाकी नजर उत्तम. मी बाजूच्या स्टुलावर बसून एकेक पान उलटताना बघत होते. एखादं तरी चुकावं असं मला वाटत होतं. एक तरी.

जिना उतरताना ते हसले. "आँखां पास हो गए मॅडम." मग खाली, फुटपाथवर विकायला मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांपाशी, अचानक थांबले. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. त्यांनी दोन बोटं कपाळाला लावली.

"आँखां अच्छे हैं, तो फिर खराबी इधर है."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. मी म्हणाले, "उम्र में होता ऐसा उस्मानभाई."

तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. घरी त्यांनी स्वतःच सांगितलं, आपल्याला आता भरवसा नाही म्हणून. जावेदने स्कूटरची किल्ली काढून घेतली. त्यांची बायको, शमीमभाभी, त्यांना एकट्याला गॅस पेटवू देईनात. नमाजला जाताना नातू सोबत जायला लागला. दर ईदेला मी त्यांच्याकडे जाते. शीरखुर्मा घेऊन भाभी येतात, वाटी त्यांच्या हातात देताना म्हणतात, "संभाल के, संभाल के." ते दोन्ही हातांनी धरतात. बोलता बोलता मधेच विचारतात, "ये मैं पहले बोला क्या?" बोललेले नसतात. मी 'नाही' म्हणते. तेवढं खरं बोलते.

मागच्या महिन्यात जावेदचा फोन आला. वडिलांना डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. हल्ली ते फारसे बोलत नाहीत, कशातच लक्ष घालत नाहीत. डॉक्टरांना जाणून घ्यायचं होतं, हे सगळं कधी सुरू झालं. "आंटी, तुमारे पास तो सब लिखा हुआ रहता. वो दीवार वाला किस्सा कौनसे महीने का था? पहला वोइच था ना?"

फोन कानाला तसाच होता. मी कपाट उघडलं, अकरावी वही काढली, पान काढलं. मला वेळ होता. पान शोधायला लागतो तेवढा, आणि मग त्याहूनही जास्त, कारण पान सापडल्यावरही मी त्या ओळीवर बोट ठेवून उभी होते आणि तिकडे जावेद वाट बघत होता.

मी त्याला तारीख सांगितली. वार पण सांगितला.

"थँक्यू आंटी," तो म्हणाला. डॉक्टरांनी ती कागदावर लिहून घेतली. त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या; सकाळी एक, रात्री एक.

उस्मानभाईंचं घर माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. मी हे तीन संध्याकाळी बसून लिहिलं. तेवढ्यात तिथे जाऊन सहा वेळा परत येता आलं असतं. गेले नाही. उद्या जाईन असंही लिहीत नाही, कारण ते खरं आहे की नाही मला माहीत नाही.

आणि एक. त्यांनी आयुष्यभर उर्दूत, तेलुगूत, इंग्रजीत पाट्या रंगवल्या. जावेदलाही तेवढंच येतं. मराठी त्या घरात कुणालाच वाचता येत नाही. हे मला लिहायला बसण्याआधीपासून माहीत होतं.