दाजींची निजामी नोट

देवावर विश्वास ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नोटेवर अविश्वास ठेवण्यात आमच्या दाजींइतकी निष्ठा कुणाची पाहिली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वडवणीत एका पतसंस्थेत कॅशियर. नोट हाती आली की आधी उजेडाकडे धरून वॉटरमार्क बघायचा, मग आतली तार, मग नखानं छपाईचा उठाव चाचपायचा. लेकीच्या लग्नात आहेराची पाकिटं त्यांनी मांडवातच फोडून बल्बसमोर धरली. तेव्हापासून नातेवाईक आहेरात भांडीच देतात. जुन्या नोटांचा तर भलताच सोस. एक रुपयाची जुनी कोरी नोट मिळाली की दोन दिवस घरात सण, आणि ताईनं भाजीला पैसे मागितले की सुतक.

दुष्काळाच्या साली खासगी टँकर दारात आला. ताईनं घागरी मांडल्या, दाजींनी पाचशेची नोट दिली. ड्रायव्हरनं परत दिलेल्या नोटा ते उन्हात एकेक उलटसुलट करत बसले. एकीतली तार त्यांना पटेना. ड्रायव्हरनं बराच वेळ वाट पाहिली, मग पाचशेची नोट त्यांच्या हातावर ठेवली, आपल्या घेतल्या आणि पाण्यासकट निघून गेला. दाजी समाधानानं म्हणाले, "फसलो न्हाई बरं का, पाव्हणं." ताई त्या दिवशी माझ्याशीही बोलली नाही.

बैठकीत भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, निजामाच्या काळातली शंभराची नोट होती. दाजींच्या वडिलांनी जाताना दिलेली. हिची किंमत लाखात, असं दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. बोअर आटला तेव्हा ती विकून नवा घ्यायचा हट्ट ताईनं धरला. जुन्या नोटांचा एक व्यापारी आला. त्यानं फ्रेम उघडली, नोट खिडकीशी धरली आणि हलक्या आवाजात सांगितलं, की नोट त्या काळातलीच आहे, पण वॉटरमार्क नाही, खोटी आहे. साऱ्या गावाच्या नोटा उजेडात धरणाऱ्या दाजींनी वडिलांची नोट कधी फ्रेमबाहेर काढलीच नव्हती.

मला हसू आवरेना, म्हणून मी अंगणात गेलो. परत आलो तरी दाजी तिथंच बसलेले. वडिलांनी एकदा बैल विकला होता, त्या पैशांत ती आली असावी, असं म्हणाले. मग नोटेची घडी बोटानं सरळ करत राहिले.

"त्यांना कळलं असंल," ते शेवटी म्हणाले. "म्हणून तर ठिवली. दुसऱ्याच्या गळ्यात न्हाई मारली."

बोअर ताईच्या पाटल्यांवर झाला. नोट पुन्हा भिंतीवर गेली. आता तिची किंमत दाजी कुणाला सांगत नाहीत. कुणी विचारलंच, तर वडिलांची हाय, एवढंच म्हणतात.