चिपला जागेवरून न उपटता

टेबलावर एक चिप पडली आहे. तिचा एक धातूचा पाय मोडलाय आणि तो मीच मोडलाय. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारी सर्किटं मी बनवते. प्रोग्राममध्ये जरा काही बदलायचं, तर चिप बोर्डवरून उपटायची, प्रोग्राम भरून आणून पुन्हा बसवायची. अशा चार-पाच खेपा झाल्या की एखादा पाय जातोच.

आज डोकंच फिरलं. सहा तारा घेतल्या, एका जुन्या कनेक्टरला सोल्डर केल्या आणि माझा अडॅप्टर तयार झाला. आता चिप बोर्डवरच बसून राहील, कॉम्प्युटरमधला प्रोग्राम तारांतून तिच्यापर्यंत जाईल. पहिल्यांदा दोन तारांची अदलाबदल झाली, बोर्ड ढिम्म. तारा नीट लावल्या आणि छोटा लाल दिवा लुकलुकायला लागला.

तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन आला. "अगं, त्या गावात बसून काय शिकणार तू? इकडे ये."

कुणाला सुधारायचं म्हटलं की आधी त्याला जागेवरून उपटायचं, ही खोड कुणी लावली कोण जाणे! मी दोनदा गेले होते पुण्याला. दोन्ही वेळा परतले ती थोडी मोडूनच.

"दादा, मी येत नाही," म्हटलं. "चिपला जागेवरच प्रोग्राम द्यायची सोय मी आजच केलीय. मलाही जे शिकायचंय, ते असंच इथं आणेन."

मोडक्या पायाची चिप मात्र फेकणार नाही. पुन्हा कुणी "इकडे ये" म्हणालं, की आधी तिच्याकडे बघेन.