नटमावशींचं दुखणं

मेडिकल कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर वर्षभराच्या बातम्या चौकटीत लावल्या आहेत. नवं ग्रंथालय, कायमची मान्यता, हृदयरोग विभागाचं उद्घाटन. नटमावशींचं कॅलेंडर मात्र वेगळं. "ग्रंथालय उघडलं तेव्हा मला कावीळ होती," त्या सांगतात. "मान्यतेवाले साहेब आले तेव्हा अर्धशिशी. आणि हृदयाचा विभाग सुरू झाला तेव्हा मला मूल होत नव्हतं." साठी ओलांडलेली बाई हे शेवटचं इतक्या गंभीरपणे सांगते, की नवखा माणूस चहाचा कप खाली ठेवतो.

दुखणी सगळी खोटी. विद्यार्थ्यांना रोग्याशी बोलता यावं म्हणून कॉलेजने त्यांना रोगी व्हायला नेमलं होतं. परीक्षेत विद्यार्थी विचारणार, मावशी कण्हत उत्तरं देणार आणि बोलण्याचे मार्कही मावशीच देणार. त्याआधी त्यांचा जन्म गेला नाटक कंपनीत, प्रॉम्प्टर म्हणून. विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवायची. सगळ्या भूमिका तोंडपाठ, वाट्याला एकही नाही. पहिली भूमिका मिळाली ती इथे, पोटदुखीची, तरी बाई आठवडाभर हवेत होत्या!

यंदाची सगळ्यात मोठी बातमी अजून भिंतीवर लागायची होती. पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडणार होती. त्या तुकडीतल्या हुशार मुलीला मावशींनी नापास केलं. सगळे तिला 'गाईड' म्हणत, कारण प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. तिने मावशींना एका दमात अठरा प्रश्न विचारले आणि एकदाही मान वर केली नाही.

"मावशी, पहिली तुकडी आहे. जरा हात सैल सोडा," परीक्षेचे सर म्हणाले.

"सर, मी आजारी खोटी पडते. मार्क खोटे देत नाही."

अशी माणसं हल्ली दिवा घेऊन शोधावी लागतात. आणि नापास करून हात झटकले असंही नाही. फेरपरीक्षेपर्यंत रोज दुपारी कँटीनच्या कोपऱ्यात मावशी आजारी पडत आणि गाईड त्यांना तपासे. "आधी तोंडाकडे बघ गं. प्रश्न कुठे पळून जात नाहीत." फेरपरीक्षेत नापास झाली तर मुलगी एकटी मागे राहणार होती. धास्ती होतीच, पण ती बघायला शिकली.

फेरपरीक्षेच्या सकाळी मावशींना दरदरून घाम फुटला. घरी सोबत राहणाऱ्या बहिणीने विचारलं तेव्हा नेहमीचंच उत्तर, "बरी आहे." जन्मभर त्यांनी स्वतःबद्दल एवढंच वाक्य पाठ केलं होतं.

परीक्षेच्या खोलीत भूमिका पोटदुखीची होती. मावशी म्हणाल्या, "काल जेवल्यापासून इथे नुसतं..." आणि थांबल्या. हात पोटावरून छातीवर गेला. सर खुशीत शेजारच्या परीक्षकांना म्हणाले, "आज काय रंगात आल्यात!"

गाईड उठली. "सर, हे नाटक नाही."

"वेळ चाललाय तुझा. पुढचा प्रश्न विचार."

"मावशी वाक्य अर्धं सोडत नाहीत सर! कधीच नाही!"

परीक्षा अर्धवट टाकून बाहेर पडलं की नापास, हा नियम तिला पाठ होता. तिला काय पाठ नव्हतं? तिने दार उघडलं आणि स्ट्रेचरसाठी ओरडली. स्ट्रेचर निघालं तेव्हा बाहेर ताटकळलेल्या पोरांनी मावशींचा अभिनय समजून टाळ्या वाजवल्या. मागून पळणाऱ्या सरांचा पांढराफटक चेहरा दिसला आणि टाळ्या जागच्या जागी विरल्या.

मावशी वाचल्या. मूल होत नसताना सुरू झालेला तो विभागच शेवटी कामी आला. बोलायची परवानगी मिळताच त्यांनी सरांना बोलावून घेतलं. "पोरीची परीक्षा माझ्यामुळे अडलीय. इथेच पुरी करा. आज तर रोगीही खरा आहे."

सर दाराशी उभे राहिले. गाईड खाटेजवळ बसली. हातात कागद नव्हता. तिने आधी मावशींच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मावशी, कसं वाटतंय तुम्हाला?"

'बरी आहे' ओठांपर्यंत आलं होतं. पण समोरची मुलगी बघत होती, आणि तिला तसं बघायला त्यांनीच शिकवलं होतं.

"भीती वाटली गं," मावशी म्हणाल्या. "अजून वाटतेय. बहिणीला नाही सांगितलं. कुणालाच नाही सांगत मी." डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

गाईडने पुढचा प्रश्न विचारला नाही. खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेऊन ऐकत राहिली.

बराच वेळ झाला तशी सरांनी दारातून हळूच विचारलं, "मावशी, मार्क किती लिहू?"

"थांबा हो सर," मावशी म्हणाल्या, "मी अजून बोलतेय."