वसंताची काळी अंगठी

संचारबंदी सैल झाली त्या सकाळी परळच्या प्रयोगशाळेचा पहारेकरी गिरगावपर्यंत चालत आला आणि आमच्या चाळीच्या जिन्यातच बसला. "वसंतराव साहेब शेडमध्ये पडलेले मिळाले," एवढंच त्याला बोलता आलं. वरच्या मजल्यावर वसंताच्या आईनं त्याचं ताट अजून झाकून ठेवलं होतं. तो जिना मी कसा चढलो, माझं मला ठाऊक… त्याला काही आठवडे झाले. अजून चढतोच आहे असं वाटतं.

वसंता माझा लहानपणापासूनचा मित्र. एक नंबरचा तापट. डोकं थंड राहावं म्हणून त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, त्याच्या बोटात चांदीची अंगठी घातली होती. डोकं काही थंड झालं नाही. उलट या बुवांनी संशोधनासाठी भट्टीच गाठली. वितळलेल्या लोखंडात मुरलेलं गंधक, हा त्याचा ध्यास. ते आत राहिलं की तापलेलं लोखंड घणाखाली तडकतं. वसंता म्हणायचा, गंधक किती आहे एवढंच बघू नका, त्याच्या सोबतीला कोण आहे तेही बघा. लोखंडात कार्बन भरपूर असला तर तेच गंधक अस्वस्थ होतं, बाहेर पडायला बघतं. कार्बन जाळून टाकला की निवांत बसतं. "तुझ्या खोलीत पाहुणे कोंबले की तू गॅलरीत येऊन बसतोस ना रे? तस्सं!" हे मोजून सिद्ध करायचं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं.

मोजण्याची रीत मात्र जीवघेणी. वितळलेल्या लोखंडावरून गंधकाचा विषारी वायू सोडायचा आणि आतलं गंधक नि वरचा वायू यांचा तोल जमेपर्यंत वाट बघायची. मध्येच भट्टी विझली तर सगळं मुसळ केरात. या वायूला सडक्या अंड्याचा वास, पण तो फार वाढला की नाकच बधिर होतं. म्हणून वसंता अंगठीकडे बघायचा. वायू गळला की चांदी काळी पडायची. आणि काकू रोज ती राखेनं घासून लख्ख करायच्या. "कुठं कुठं हात घालतोस रे मेल्या!"

संचारबंदी लागली त्या दुपारी लालबागेत अश्रुधूर सुटला. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या घोषणा शेडपर्यंत येत होत्या. पहारेकरी सांगतो, तो दारातून ओरडला, "साहेब, बंद करा, चला." वसंता म्हणाला, "शेवटचं माप आहे. आज सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून." आणि धूर आत येऊ नये म्हणून त्यानं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या… अरे, खिडक्या कशाला लावल्यास? एवढी अक्कल, आणि खिडक्या लावल्यास? रोज भांडतो मी त्याच्याशी. लोखंडाचा तो शेवटचा गोळा मुशीतच थिजला. वसंताचं खरं होतं की नाही, हे आता कोण सांगणार?

अंगठी घरी आली ती कोळशासारखी. काकूंनी सवयीनं राख घेतली, ती घासली, आणि मग त्यांना रडू फुटलं. तेराव्यानंतर त्यांनी ती माझ्या बोटात घातली. "बाळ, एकदा त्याच्या शेडात जाऊन ये. काळी करून आण. मला घासायला काही राहिलं नाही रे."

शेडला कुलूप आहे, भट्टी मोडली. हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी कचेरीतून आलो की मी आधी त्यांच्याकडे जातो आणि हात पुढे करतो. त्या पदरानं चष्मा पुसतात, अंगठी काढून उजेडाकडे धरतात. "आजही काळी नाही पडली," म्हणतात, आणि राख घेऊन घासायला बसतात.