खबर कुणाच्या तोंडची

मालक गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हशीला पेंड घालत होते. बीडच्या दवाखान्यात ते अकरा दिवस होते. म्हैस शेजारणीला दूध देईना म्हणून आदल्या दिवशीच्या एसटीनं मी वडवणीला परत आले होते. फोनवर लेक सुनंदा म्हणाली, "आई, बाबा गेले. शेवटी तुझं नाव घेतलं त्यांनी." मी टोपलं खाली ठेवलं. रडू आलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. हाक मारायचे ती 'सुनंदाची आई', आणि सुनंदा व्हायच्या आधी नुसतं 'अगं'. मग मरताना नाव कुठून आलं?

मालक लष्करात होते, शत्रूच्या खबरा गोळा करायच्या कामावर. गावातल्या लोकांना वाटायचं हे वेष बदलून फिरत असतील. मी विचारलं तर म्हणायचे, "कागदाचं काम हाय." काम खरं काय होतं ते मला ते गेल्यावर कळलं. गस्तीवरून आलेल्या जवानांना एकेकट्याला बसवून विचारायचं. डोंगरातल्या मेंढपाळांना चहा पाजून विचारायचं. वायरलेसवर पलीकडची बोलणी ऐकणारे दुसरे असत, त्यांच्या चिठ्ठ्या यायच्या. हे सगळं एकमेकांशी ताडून पाहायचं आणि साहेबाला नकाशावर दाखवायचं. त्यावर साहेब ठरवणार, माणसं कुठून पाठवायची आणि कुठून नाही.

ती सवय त्यांनी घरी आणली. मी म्हणावं, उद्या नळाला पाणी नाही म्हणे. हे विचारणार, "कोण म्हणे?" मी म्हणावं, तिघी सांगत होत्या. "तिघींनी पाह्यलं, का एकीचं ऐकून तिघी बोलल्या?" भाकरी मोडता मोडता ही जबानी. शेजारणी आमच्या ओट्यावर बसायच्या बंद झाल्या. एक तर तोंडावर म्हणाली, "तुमच्याकडं बसायचं तर साक्षीदार घिऊन यावं लागतंय." पुढं मीही सांगायचं सोडलं. घरात माणसं असून बोलणं म्हशीशी, असं बरंच आयुष्य गेलं.

सुनंदाला कडा गावचं स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. तीन जणांनी येऊन चांगलं सांगितलं. हे उठले आणि कड्याला जाऊन चार दिवस राहिले. परत आल्यावर पायही न धुता म्हणाले, "तिघं बी मुलाच्या मामाचंच ऐकून बोलल्यात. मुलगा कसा हाय ते मला म्हाईत न्हाई."

"वाईट हाय का?"

"ते बी म्हाईत न्हाई."

तेवढ्यावर स्थळ मोडलं. तो मुलगा पुढं चांगला निघाला. घर बांधलं, सुपारीचंही व्यसन नाही. सुनंदा बीडला दिली. जावई वाईट नाही, पण तापट आहे. लेक रडत आली की मी यांना कड्याचं नाव ऐकवायची. मला वाटायचं, हा माणूस जगात कुणावरच विश्वास ठेवत नाही, माझ्यावरसुद्धा नाही...

दहाव्याला उमापूरचे दत्तोबा आले. मालकांच्या पलटणीतले. एक पाय गुडघ्याखाली नकली. चहा घेतल्यावर त्यांनी सांगितलं. साहेबाला एका घळीतून तुकडी पाठवायची होती. वाट मोकळी आहे का, एवढंच त्याला हवं होतं. दोन वेगळ्या गावच्या दोन मेंढपाळांनी मालकांना सांगितलं, मोकळी आहे. मालकांनी दोन खबरा जुळल्या म्हणून पक्की असं लिहून दिलं. नंतर कळलं की दोघांनाही एकाच खेचरवाल्यानं सांगितलं होतं. ते दोघं त्या वाटेनं गेलेच नव्हते. वाटेत सुरुंग होता. दत्तोबांचा पाय गेला आणि एक जण तिथंच राहिला.

"साहेब म्हणाला, मला घाई होती, निम्मी चूक माझी. तुमचं मालक म्हणालं, न्हाई साहेब, मी 'म्हाईत न्हाई' म्हणायला पायजे होतं."

मी विचारलं, "तुमाला हे कुणी सांगितलं?"

दत्तोबा हसले. "वयनी, मी तितंच स्ट्रेचरवर पडलेलो. तुमी बी त्यांच्यावानीच इचारायला लागल्या की."

मला राग आला. एवढं मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? भांडले असतेच, पण कड्याच्या स्थळावरून भांडले नसते.

तेराव्याला पुतण्या म्हणाला, काकांनी शेवटी तुमचं नाव घेतलं. शेजारीणही तेच म्हणाली. जाऊबाई पण. मी तिघांना विचारलं. तिघांनाही सुनंदानं सांगितलं होतं. मग सुनंदाला विचारलं, "तू सोता ऐकलंस?"

"आई, आता कशाला?"

"ऐकलंस का न्हाई, येवढंच सांग."

"न्हाई. मी औषध आणाया खाली गेलते. नर्सनं सांगितलं."

मी सकाळच्या गाडीनं बीडला गेले. वॉर्डात ती नर्स भेटली, तरणी पोरगी. आधी म्हणाली, हो मावशी, नाव घेतलं. मी विचारलं, कोणतं नाव? तशी ती मला बाकावर बसवून म्हणाली, "मावशी, राग मानू नका. मी सगळ्यांच्याच घरच्यांना तसं सांगते. लोकांना बरं वाटतं. तुमचे मिस्टर झोपेतच गेले. काही बोलले नाहीत."

मी तिला रागावले नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली.

घरी त्यांची लोखंडी खाट अजून ओट्यावरच आहे. गादी धुऊन वाळत टाकली होती, म्हणून नुसत्या पट्ट्यांवर टेकले. इतकी वर्षं सांगणं सोडलं होतं, ते त्या दिवशी त्यांना सांगितलं. कुठं गेले, कुणाला विचारलं, ती आधी काय म्हणाली, नंतर काय म्हणाली. सगळं नीट, क्रमानं. आणि सांगून संपल्यावर ध्यानात आलं की त्यांनी पुढं काय विचारलं असतं. ते गेले तेव्हा ती पोरगी त्यांच्याजवळ उभी होती का, का तिलाही कुणी दुसऱ्यानंच सांगितलं?

ते विचारायचं माझं राहिलं. अजून परत बीडला गेले नाही. 'म्हाईत न्हाई' एवढंच माझ्यापाशी आहे.